मदत हवी आहे : मेलबर्नला ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाताना आई-बाबांच्या बॅगेत काय भरू?

कंदीपेढा

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या मध्यावर आई-बाबांना घेऊन मेलबर्नला दादाकडे जातेय. महिनाभर मुक्काम, दिवाळीही तिकडेच. मुंबई-सिंगापूर-मेलबर्न असं तिकीट आहे, प्रत्येकी ३० किलो सामान. तिघांचाही पहिलाच परदेश प्रवास.

अडचण अशी की तिथल्या हवेचा थांगच लागत नाहीये. हल्ली रोज फोनवर मेलबर्नचं तापमान बघते. परवा दुपारी २६ होतं, काल दिवसभर १४ च्या वर गेलं नाही, आज पहाटे ८ आणि आता म्हणे ऊन. दादा म्हणतो, "इथे सगळं मिळतं, हात हलवत या." वहिनी म्हणते, "मिळतं, पण आईंच्या मापाचं आणि आईंना चालेल असं काही मिळत नाही, सगळं घेऊन या." दोघं एकाच घरात राहतात बरं का.

आई ६६ वर्षांची, कायम साडीत. पंजाबी ड्रेससुद्धा नाही, पँट तर विसराच. थंडी अजिबात सोसत नाही. बाबा ७१, शेतकरी माणूस, आपल्याला थंडी वाजत नाही हे त्यांचं ठाम मत. थोडा दमा आहे, पंप वापरतात, तोही मनात आलं तर.

फिरायचं ठरलंय ते असं : शहर, ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंडचे पेंग्विन आणि ती पफिंग बिली नावाची जुनी आगगाडी. दादाचं घर टारनीटला आहे.

जाड जॅकेटं घेऊ का? छत्री न्यावी की रेनकोट? साडीवर थंडीचा बंदोबस्त कसा करतात? आणि फराळ नेता येतो का? शेवटचा प्रश्न विषय सोडून आहे, पण सगळा वजनाचा हिशोब त्याच्यावरच अडलाय.

टारनीटकर

आमच्याच गल्लीत येताय म्हणायचं!

आधी एक करा, फोनवरचं तापमान बघणं बंद करा. ऑक्टोबरात इथलं सरासरी कमाल तापमान २० च्या आसपास आणि किमान १० च्या आसपास असतं. हे वाचून माणूस महाबळेश्वरची बॅग भरतो. पण सरासरीसारखा दिवस इथे क्वचितच उगवतो.

कारण सोपं आहे. शहराच्या उत्तरेला खंडाचा कोरडा, तापलेला भाग. दक्षिणेला टास्मानिया सोडला तर थेट अंटार्क्टिकापर्यंत समुद्र. वारा उत्तरेचा असला की दुपारी घाम येतो. मग समुद्रावरून थंड हवेची आघाडी सरकत येते, वारा नैऋत्येकडून वाहायला लागतो आणि बघता बघता पारा १०-१५ अंश खाली येतो. वसंतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरात, हा खेळ सर्वात जोरात चालतो. ऑफिसात लोक "आज पाऊस आहे का" असं विचारत नाहीत, "चेंज किती वाजता येणार" असं विचारतात.

तेव्हा जाड जॅकेट नको. सकाळी घातलेलं जाड जॅकेट दुपारी १२ वाजता हातात धरून फिरावं लागतं, आणि आई-बाबांचं तुम्हालाच. आत थर्मल किंवा पातळ बनियन-टीशर्ट, त्यावर लोकर किंवा फ्लीसचा स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ, टोपीवालं जॅकेट. आणि उतरवलेलं ठेवायला पाठीवर एक रिकामी सॅक. ही सॅक कपड्यांइतकीच महत्त्वाची आहे, ती विसरलात तर थरांचा काही उपयोग नाही.

छत्री घरीच ठेवा. पाऊस आपल्यासारखा नाही. वर्षाला साधारण ६५० मिमी, म्हणजे सिडनीच्या जवळपास निम्माच. पण तो थोडा थोडा, सतत आणि आडवा येतो. टारनीट, वेरिबी हा पश्चिमेचा पट्टा तर आणखी कोरडा. तिथे पावसापेक्षा वारा त्रास देतो, सपाट मैदान आहे, अडवायला काही नाही. 'चेंज'नंतर कचऱ्याच्या डब्यांत उलट्या झालेल्या छत्र्या दिसतात.

शेवटची_ट्राम

दादाचं बरोबर आहे. ३० किलोत कपडे कशाला कोंबताय? केमार्टमध्ये स्वस्तात सगळं मिळतं. जुन्या कपड्यांची चांगली दुकानंही आहेत, इथे त्यांना 'ऑप शॉप' म्हणतात. लोकरीचे स्वेटर तिथे अगदी किरकोळ पैशात मिळतात. उगाच भारतातून महागडी जॅकेटं आणू नका.

बाकरवडी_काकू

@शेवटची_ट्राम, तू तरुण आहेस, तुला मापं सापडतात. ऑक्टोबरात दुकानांतून उन्हाळी माल लागलेला असतो. साडीवर घालता येईल असं काही तर बाराही महिने नसतं. सुनबाईंचं ऐका.

कंदीपेढा, मी गेली काही वर्षं मुलीकडे ये-जा करते, तीही साडीतच. तेव्हा साडीचं मी सांगते.

परकराच्या आत थर्मल लेगिंग. दिसत नाही, आणि थंडीचं निम्मं काम तिथेच होतं. आई "नको" म्हणाली तर वाद घालू नका, पहिल्या दिवशी विमानतळाबाहेर ती स्वतःच मागेल. लेगिंग घोट्यापर्यंत घ्या, तळपाय मोकळा असलेली, म्हणजे मोजे वेगळे बदलता येतात.

ब्लाउज. नेहमीचे घट्ट ब्लाउज तिथे निरुपयोगी. त्याखाली थर्मल मावत नाही आणि वरून घातला तर काख काचते. आत्ताच शिंप्याकडे पूर्ण बाह्यांचे, बंद गळ्याचे दोन-तीन ब्लाउज थर्मलवर माप देऊन शिवून घ्या. काळा, तपकिरी, मोरपंखी असे रंग घेतले की बहुतेक साड्यांवर चालतात.

स्वेटर डोक्यातून घालायचा नको, पुढे बटणं असलेला. एक तर अंबाडा विस्कटतो, आणि गरम झालं की भर रस्त्यात पदर सांभाळत काढता येत नाही. पदर खांद्यावर पिन करून स्वेटरच्या आत. बाहेर ठेवला तर त्या वाऱ्यात पदराचं शीड होतं.

साड्या : खळ घातलेल्या सुती नकोत. ओल्या झाल्या की वाळत नाहीत आणि अंगाला गार लागतात. जॉर्जेट उडतं. मिक्स सिल्क किंवा जरा वजनदार सिंथेटिक बऱ्या. दिवाळीसाठी एक काठपदराची, बस. आणि फिरायला जाताना साडी दोन बोटं वर नेसायची. तिथे पाणी साचत नाही, पण फुटपाथ ओले असतात आणि फॉलच्या कडेपासून ओल वर चढते.

पायांत बूट. चप्पल-मोजे ही जोडी पुण्यात चालते, तिथे ओल्या पायऱ्यांवर पाय सटकतो. साडीखाली स्पोर्ट शूज कसे दिसतील याचा विचारही करू नका, कोणी ढुंकून बघत नाही. मात्र नवे बूट निघायच्या महिनाभर आधी घेऊन घरात वापरायला लावा.

वरचं जॅकेट गुडघ्यापर्यंतचं हवं. कमरेपर्यंतचं असलं की खाली साडी फडफडत राहते. एवढं एक मात्र तिथेच घेतलंत तरी चालेल.

गोळ्या_आणि_बाटल्या

कपड्यांचं चालू दे, मला बाबांच्या दम्याची काळजी वाटतेय. मी मेलबर्नमध्ये फार्मसीत काम करते.

तुम्ही येताय तो नेमका गवताच्या परागकणांचा हंगाम आहे, ऑक्टोबर ते डिसेंबर. शहराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला रायग्रासची कुरणं पसरलेली आहेत. या दिवसांत काही विशिष्ट प्रकारची वादळं आली की परागकण ओलाव्याने फुटतात, त्यांचे बारीक कण वादळापुढच्या वाऱ्याबरोबर खाली येतात आणि थेट फुप्फुसात खोलवर जातात. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी असं झालं. हजारो लोक श्वास लागून रुग्णालयांत पोहोचले आणि १० जण दगावले. त्रास झालेल्यांपैकी अनेकांना तोपर्यंत दमा आहे हेही माहीत नव्हतं, फक्त शिंका आणि नाक गळणं. आणि त्यांत भारतीय उपखंडातून आलेल्यांचं प्रमाण बरंच होतं.

घाबरवायचं नाहीये, असं दर वर्षी होत नाही. पण निघण्याआधी बाबांना डॉक्टरांकडे न्या, रोजचा पंप रोज घ्यायचा हे डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना ऐकवा. तुमच्याकडून ऐकणार नाहीत, माझे बाबाही ऐकत नाहीत. तातडीचा निळा पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची नळी) हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही. निळा पंप संपलाच तर इथे फार्मसीत चिठ्ठीशिवाय विचारून मिळतो. बाकी सगळी औषधं मूळ वेष्टनात, जास्तीत जास्त तीन महिन्यांची, सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी.

दादाच्या फोनवर व्हिकइमर्जन्सीचं अ‍ॅप असू दे, त्यावर अशा वादळाचा इशारा येतो. इशारा असेल तर वादळाआधी घरात, खिडक्या बंद. श्वास लागला तर वाट बघत न बसता ००० या आपत्कालीन नंबरला फोन.

कंदीपेढा

बाप रे. हे दादाने कधीच सांगितलं नव्हतं. बाबांची वेळ घेतली आहे, शुक्रवारी जातोय.

काकू, आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. लेगिंगवर नाक मुरडलं, पण "या बाईंना कळतंय" म्हणाली. ब्लाउज टाकलेत शिवायला.

बाबांनी नवे बूट घ्यायला साफ नकार दिलाय. त्यांचे शेतात वापरायचे बूट "चांगले भक्कम" आहेत, तेच नेणार म्हणतात. चालतील ना?

टारनीटकर

नाही! बरं झालं विचारलंत.

उतरण्याआधी एक प्रवासी कार्ड भरावं लागतं. त्यात माती लागलेल्या वस्तू आहेत का आणि गेल्या ३० दिवसांत शेतात किंवा गुराढोरांत गेला होतात का, असे प्रश्न असतात. बाबांचं उत्तर "हो" येणार, आणि ते "हो"च लिहायचं. खरं सांगितल्याने काही बिघडत नाही, अधिकारी बूट बघतात, माती असेल तर साफ करतात किंवा ठेवून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड हजारो डॉलरपर्यंत जातो. गुरांचा लाळ्या-खुरकूत हा रोग ऑस्ट्रेलियात नाही आणि तो येऊ नये म्हणून हे सगळं चालतं. शेतकऱ्याला हे लगेच पटेल, असंच सांगून बघा. शेतातले बूट घरी, नवे पायात.

फराळाचंही तेच सूत्र. जे जे खायचं आहे ते सगळं कार्डावर लिहा आणि वेगळ्या पिशवीत वरच ठेवा. चकली, चिवडा, शंकरपाळे बंद पाकिटातले, घटक इंग्रजीत छापलेले असले की काम लवकर होतं. ताजी फळं, कढीपत्ता, बिया, मांस आणायचंच नाही. दुधाच्या पदार्थांच्या वाटेला जाऊ नका, खवा, पेढे वगैरे. तुमच्या नावाची माफी मागून सांगतोय. आमच्या भागात भारतीय दुकानं पावलोपावली आहेत, आणि डँडेनाँगला फॉस्टर स्ट्रीटवर तर अख्खा 'लिटिल इंडिया' आहे. भाजणी तेवढी आणा, ती मात्र घरच्यासारखी मिळत नाही.

घाटमाथा

दोन गोष्टी राहिल्या.

ऊन. १८ अंशांतलं ऊन म्हणजे आपल्याला कोवळं वाटतं. तिथे ते भाजतं. हवा गार असली, ढग असले तरी अतिनील किरणांचा निर्देशांक ऑक्टोबरपासून चढाच असतो. निर्देशांक ३ किंवा त्याच्या वर असला की टोपी आणि क्रीम, असा तिथला नियम आहे. तिघांनाही रुंद काठाची टोपी, काळा चष्मा आणि ५० एसपीएफचं क्रीम. क्रीम तिथे मोठ्या बाटलीत स्वस्त मिळतं, इथून नेऊ नका.

दुसरं, तुमची फिरायची ठिकाणं शहरापेक्षा गार आहेत, सगळीच. पफिंग बिली डँडेनाँगच्या डोंगरात धावते आणि डब्यांना काचा नसतात. पश्चिमेला कोरडं असलं तरी त्या बाजूला पाऊस बराच जास्त. ग्रेट ओशन रोडवर ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रातले खडकांचे सुळके, बघताना कड्यावर उभं राहायचं, समोरून थेट दक्षिणेचा वारा. मफलर हवाच.

पण खरी परीक्षा पेंग्विनची. ते सूर्यास्तानंतर समुद्रातून बाहेर येतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे सूर्यास्तच पावणेआठ-आठला. म्हणजे रात्र पडेपर्यंत किनाऱ्यावर उघड्या पायऱ्यांवर बसून राहायचं, आणि मग दीड-दोन तास गाडीने परत. त्या दिवशी दुपारी ३० अंश असले तरी असेल नसेल ते सगळं सोबत घ्या. बसायला जाड घडी केलेली शाल किंवा छोटी उशी. फोटो काढायला बंदी आहे, तेव्हा हात खिशात ठेवता येतात ही त्यातल्या त्यात सोय.

बाकरवडी_काकू

शालीवरून आठवलं. एक शाल विमानात हाताशी ठेवा, सिंगापूरच्या विमानतळावरही एसी फार असतो.

आणि घरातल्या थंडीचं कुणी बोललंच नाही. तिथली बरीच घरं लाकडी सांगाड्याची, हीटर बंद केला की रात्रीत गार पडतात. काही घरांत जमिनीतल्या जाळीतून गरम हवा येते, दादाकडे तशी असेल तर तिच्याशेजारी आईची खुर्ची ठेवायला सांगा. घरात घालायला मऊ तळाच्या सपाता आणि लोकरीचे मोजे. गरम पाण्याची पिशवी तिकडेच घ्या.

कंदीपेढा

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी सुधारली. जॅकेटं रद्द, आईचं लांब जॅकेट तिकडेच घेणार, छत्र्या बाहेर काढल्या, एक मोठी सॅक वाढली. बाबांना लाळ्या-खुरकूताचं सांगितलं तर लगेच ऐकलं, उलट "आपल्याकडेही असंच पाहिजे" म्हणाले.

एकच राहिलं. बाबांना कानटोपी न्यायची आहे, तीच आपली माकडटोपी. दादा म्हणतो फोटो खराब होतील.

शेवटची_ट्राम

माझं आधीचं मत मागे घेतो, काकूंपुढे बोलायची सोय नाही. पण कानटोपीबद्दल बोलतो. खुशाल न्या. मेट्रोच्या फलाटावर जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, अर्धं मेलबर्न लोकरीच्या टोप्यांत असतं, तोंड झाकणारी एखादी असली तर बिघडलं काय?

टारनीटकर

दादाला सांगा, पेंग्विनच्या रात्री तीच टोपी तो स्वतः मागेल. दोन आणा.

आणि हो, चार्जरसाठी तिरक्या पिनांचा अडॅप्टर लागतो. व्होल्टेज आपल्याइतकंच आहे, कन्व्हर्टरचं वजन नको. अडॅप्टर मुंबईतच घ्या.