ओकावांगोत आठ जणांनी अख्खा कॅम्प घ्यावा का?

मोहर्लीकर: घरचे आठ जण आहोत, सोबत ७२ वर्षांची आई. आफ्रिकेतल्या बोत्सवानात, ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात, पूर्ण सफारी कॅम्प आपल्यापुरता भाड्याने घ्यायचा विचार आहे. पण तिथे पुराचे पाणी जून-जुलैत असते म्हणतात, अन् तेव्हा आमची पेरणी. भर पावसात जाऊन दिसणार काय?

वर्धेकर: दादा, तिकडे तेव्हा कोरडा हंगाम असतो. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ भागात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. ते पाणी सरकत सरकत काही महिन्यांनी पोचते. डवरणी उरकून ऑगस्टात जा, पोळ्याच्या आत परत या. आम्ही तसेच गेलो होतो.

कॅम्प अख्खा घ्याच. गाडी अन् गाइड आपलाच राहतो. माझी आई एका हत्तिणीपाशी पाऊण तास बसली. ती गवताचा झुपका उपटायची, पाण्यात आपटून माती झाडायची अन् मगच तोंडात घालायची. आई म्हणाली, "पाहा, भाजी धुऊन खाते!" मागे घाई करणारे कोणी नव्हते.

तिथल्या मोरेमी अभयारण्यात गाडीला रस्ता सोडता येत नाही, रात्रीची सफारी नाही. खासगी क्षेत्रात दोन्ही चालते. कॅम्प नेमका कुठे, ते आधी विचारा.

अकोटची ताई: कॅम्पला जायला माऊन गावाहून छोटे विमान असते. सामान साधारण २० किलो, तेही मऊ पिशवीत. पहाटे उघड्या गाडीत हुडहुडी भरते, आईंना शाल द्या. मलेरियाच्या गोळ्यांचे डॉक्टरांना विचारा.

मोहर्लीकर: आईचे गुडघे दुखतात. मोकोरोत बसवू?

वर्धेकर: नको. ती डोंगी अगदी पाण्यालगत, उठता-बसता त्रास होईल. मोटारबोट असलेला कॅम्प पाहा.