खोक्यावर २००० वॉट, फ्यूज मात्र ३० अँपिअरचा: गाडीच्या स्टिरिओसाठी हा अ‍ॅम्प घ्यावा का?

परळचा_प्रवासी:
हॅचबॅक गाडी, स्टिरिओ कंपनीचाच, मागे आरसीए (अॅम्पला सिग्नल देणारी जॅक) नाही. पुढे साडेसहा इंची कंपोनंट (वूफर आणि ट्वीटर वेगळे; ६० वॉट आरएमएस, म्हणजे सतत पेलणारी पॉवर, ४ ओहम), मागे कोअ‍ॅक्सिअल. लॅमिंग्टन रोडला चार चॅनलचा क्लास एबी अ‍ॅम्प दाखवला. खोक्यावर २००० वॉट, बाजूला ३० अँपिअरचा एकच फ्यूज. घेऊ का? पुढेमागे सबवूफरही लावायचाय. आमच्या गल्लीत पावसाळ्यात पाणी भरतं, सीटखाली बसवला तर चालेल?

ओहमकर:
२००० विसरा, फ्यूज बघा. ३० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे बॅटरीकडून ४१४ वॉट. क्लास एबीत त्यातले ४० टक्के तरी तापण्यातच जातात. उरले अडीचशेच्या आसपास, चॅनलला जेमतेम ६०. तुमच्या स्पीकरला तेवढे पुरतात. म्हणजे अ‍ॅम्प टाकाऊ नाही, आकडा खोटा आहे. मॅन्युअलमध्ये ४ ओहम, १४.४ व्होल्ट, १ टक्का डिस्टॉर्शन या अटींसह आरएमएस दिलं असेल तर भरवसा ठेवा.

तरी माझं मत क्लास डीला, तो कमी तापतो आणि बॅटरीकडून कमी खेचतो. एसी चालू, इंजिन आयडलवर, गाडी सायनच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. अशा वेळी आल्टरनेटरकडे द्यायला फारसं उरत नाही. आरसीए नाही तर हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेणारं) असलेलाच घ्या.

बास_बोरिवली:
मागच्या स्पीकरना अ‍ॅम्प देऊच नका, स्टिरिओवर राहू देत. १-२ चॅनल पुढे, हायपास ८० हर्ट्झ (त्याखालचा बास पुढच्या स्पीकरना जात नाही). ३-४ ब्रिज करून (दोन चॅनल एकत्र जोडून) सबला. ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली जायचं नाही, म्हणून ड्युअल कॉइल सब २+२ चा (दोन कॉइल, प्रत्येकी २ ओहम) घ्या, सिरीजमध्ये ४ होतो. ४+४ चा आणलात तर पॅरललमध्ये २ होतो आणि अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जाऊन (स्वतःला वाचवायला बंद पडून) बसतो.

वायरवाला:
सीटखाली नकोच. पाणी दारातून शिरतं आणि कार्पेटखालचा फोम कित्येक दिवस ओला राहतो. मागच्या सीटच्या पाठीला प्लायवूड ठोकून त्यावर बसवा, सीट दुमडेल एवढी वायर ढिली ठेवा.

वायर ८ गेज, अस्सल तांब्याची. एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम, परत करा. बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज हवाच. तो अ‍ॅम्पसाठी नाही, वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून. अर्थची वायर आखूड, बॉडीचा रंग पत्र्यापर्यंत खरवडून. खाऱ्या हवेत तिथे गंज धरतो, म्हणून बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. रेस वाढवली की स्पीकरमधून शिट्टी चढायला लागली तर आधी हाच बोल्ट तपासा.

परळचा_प्रवासी:
कळलं. गेन अर्ध्यावर ठेवू?

ओहमकर:
अंदाजाने नको, तो व्हॉल्यूमचा नॉब नाही, स्टिरिओच्या सिग्नलशी अॅम्प जुळवणारा आहे. चढवून ठेवलात तर सिग्नल क्लिप होऊन (लाटेचे माथे कापले जाऊन) पहिला ट्वीटर जातो. स्पीकर सोडवा, बास-ट्रेबल शून्यावर, स्टिरिओ तीन-चतुर्थांश. ३०० हर्ट्झचा टोन वाजवा (१००० चा साध्या मीटरला नीट वाचता येत नाही) आणि मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. ६० वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे २४०, त्याचं वर्गमूळ साडेपंधरा. तेवढे व्होल्ट आले की थांबा. सबचा गेन वेगळा लावायचा, ५० हर्ट्झच्या टोनवर.