हायब्रिड बॅटरीचा तापमान सेन्सर: दोष सेन्सरचा की बॅटरीचा?

प्रश्न (नागपूरकर):
माझ्याकडे नऊ वर्षे जुनी हायब्रिड सेडान असून तिची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे बसवलेली आहे. गेल्या पंधरवड्यापासून हायब्रिड यंत्रणेचा इशारा देणारा दिवा अधूनमधून, विशेषतः खड्ड्यांच्या रस्त्यावर, लागतो आणि पुढच्या एक-दोन फेऱ्यांत आपोआप विझतो. स्कॅनरवर पी०ए९ई (बॅटरीच्या तापमान सेन्सरचे सर्किट ‘हाय’) हा दोषाचा कोड येतो. गॅरेजमध्ये कोडच्या वर्णनातील ‘हाय’ हा शब्द वाचून बॅटरी फार तापत असल्याचे सांगितले गेले व ती संपूर्ण बदलण्याचा सल्ला मिळाला. मी स्वतः स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरांचे चालू आकडे) पाहिला तेव्हा तीन सेन्सरांपैकी दोन ३८ आणि ३९ अंश दाखवत होते, तर तिसरा उणे ४०. मे महिन्यातल्या नागपुरात उणे ४०! एवढा मोठा खर्च करण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

उत्तर (वायरिंगवाला):
या कोडमधला ‘हाय’ सिग्नलच्या व्होल्टेजबद्दल बोलतो, तापमानाबद्दल नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. हे सेन्सर थर्मिस्टर असतात, म्हणजे तापमान वाढले की त्यांचा रोध कमी होतो. ईसीयू (बॅटरीवर लक्ष ठेवणारा गाडीतला संगणक) एका ठरावीक रोधातून साधारण ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरवर किती व्होल्टेज पडते यावरून तापमान काढतो. वायर तुटली किंवा पिन ढिली झाली, की रोध जणू अनंत होतो, व्होल्टेज पूर्ण वर जाते आणि ईसीयूला बॅटरी गोठल्यासारखी वाटते. याउलट सेन्सरच्या वायरी एकमेकींना चिकटल्या तर व्होल्टेज शून्याकडे जाते, पी०ए९डी हा ‘लो’ कोड येतो आणि पडद्यावर मात्र बॅटरी भलतीच तापलेली दिसते.

गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू होऊ न देता फक्त इग्निशन चालू करून तिन्ही आकडे वाचा. ते एकमेकांपासून आणि हवेच्या तापमानापासून दोन-तीन अंशांच्या आत असायला हवेत. नंतर गाडी चालवत असताना, शेजारी बसलेल्या माणसाकडून, या आकड्यांचा आलेख नोंदवून घ्या. कित्येक किलो वजनाची बॅटरी एका सेकंदात ७० अंश तापत नाही आणि निवतही नाही; आकडा उडी मारत असेल तर तो विजेच्या जोडणीतला दोष आहे.

उत्तर (जुना मेकॅनिक):
वरील विवेचनाशी सहमत आहे, पण दोन गोष्टी जोडतो. पहिली सुरक्षिततेची. सेन्सरच्या वायरी कमी व्होल्टेजच्या असल्या तरी त्या उच्च व्होल्टेजच्या आवरणाखाली असतात. उदाहरणार्थ, दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियस या हायब्रिड गाडीत ७.२ व्होल्टचे २८ मॉड्यूल (बॅटरीचे एकेक गट) मिळून २०१.६ व्होल्ट होतात. सर्व्हिस प्लग (दुरुस्तीआधी उच्च व्होल्टेजचे सर्किट तोडणारी काढती जोडणी) काढल्याने बॅटरीचे फक्त दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा जिवंतच राहतो. १००० व्होल्टसाठी प्रमाणित रबरी हातमोजे नसतील आणि प्लग काढून किमान दहा मिनिटे थांबण्याची तयारी नसेल, तर आवरण उघडू नये. हे काम माहितगाराकडूनच करून घ्यावे.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. पिन पूर्ण सुटण्याऐवजी नुसती गंजली तर तिचा रोध सेन्सरच्या रोधात मिळतो आणि आकडा खऱ्यापेक्षा काही अंश थंड दिसतो. दिवा लागत नाही, पण थंड करणारा पंखा उशिरा सुरू होऊ शकतो आणि बॅटरी खरोखर तापत राहते. शंका असेल तर जोडणी काढून सेन्सरचा रोध मीटरने मोजावा आणि शेजारच्या सेन्सरशी ताडून पाहावा. एकाच तापमानाला दोघांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. सेन्सर सारखे निघाले तर दोष त्यापुढच्या वायरीत किंवा पिनेत शोधावा.

नागपूरकर:
एका अनुभवी इलेक्ट्रिशियनकडून आवरण उघडून घेतले. सकाळी दोन सेन्सर ३१ अंशांवर होते आणि तिसरा अर्थातच उणे ४०. कनेक्टर हलवताच तो ३० वर आला. पिनेवर हिरवट थर होता. मागच्या दरवाज्याच्या रबरातून झिरपलेल्या पाण्याने तो धरला असावा. पिन साफ करून घट्ट बसवली, कोड पुसला आणि आठ दिवस दिवा लागलेला नाही. आता चालवताना मधला सेन्सर कडेच्या सेन्सरांपेक्षा चार अंश जास्त दाखवतो. हे चिंतेचे आहे का?

उत्तर (जुना मेकॅनिक):
मधल्या मॉड्यूलना दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची ऊब मिळते, त्यामुळे चार अंशांचा फरक चालेल. तरीही सीटजवळची हवा आत घेण्याची जाळी काढून पंख्याची पाती पाहा. धूळ आणि केस अडकले असतील तर हाच फरक उन्हाळ्यात वाढेल. आणि ते दरवाज्याचे रबर पावसाळ्याआधी बदला.