माजलेलं रान साफ करायचंय, पण कुरणावर मशीन फिरवायला माझा विरोध आहे

वाळलंपान : दोन एकराचा तुकडा आहे. दहा-बारा वर्षं कोणी फिरकलेलं नाही. घाणेरीची झुडपं डोक्याच्या वर गेलीत, मधूनमधून वेडी बाभूळ, उरलेल्या जागेत गाजरगवत. एका कोपऱ्यात घर बांधायचं आणि बाकीचं गुरांना चरायला ठेवायचं. जो तो सांगतो, पोकलेनसारखं खोदाईचं मशीन बोलवा, दोन दिवसांत मैदान. घराच्या कोपऱ्याचं नंतर बघू, पण कुरणाच्या जमिनीवर मशीन नकोच, असं माझं मत आहे. माती कसदार असते ती वरच्या 15-20 सेंमीत. मशीन मुळं उपटतं तेव्हा तीच माती झुडपांसकट ढिगात ओढली जाते. मग ढीग पेटवतात नाहीतर कडेला लोटतात. ज्या गवतासाठी एवढा खटाटोप, ते उगवणार कशात? खोडून काढा.

पोकलेनप्रेमी : घाणेरीत कोयता घेऊन अर्धा दिवस तरी उभे राहिलात का? मी साडेतीन एकर मजूर लावून तोडलं. जमिनीलगत, अगदी स्वच्छ. तीन महिन्यांत एकेका खुंटातून आठ-आठ फुटवे. पुन्हा तोडलं, पुन्हा फुटलं. शेवटी मशीनच आणलं, तर चालक म्हणाला, "साहेब, आता पकडू कशाला?" बाभळी इतक्या बुटक्या कापलेल्या की बकेटला जोर लावायला बुंधाच नाही. उभी झाडं असती तर ढकलताच मुळासकट आली असती. तुमची माती वाचली तरी रान तसंच राहणार.

वाळलंपान : फुटवे आले ते हातानं तोडलं म्हणून नाहीत, चुकीच्या जागी तोडलं म्हणून. घाणेरीच्या बुडाची माती कुदळीनं बाजूला केली की खोड आणि मूळ जुळतात तिथं एक जाडसर गाठ दिसते. फुटवे तिथूनच येतात. तिच्या खाली दोन-तीन बोटांवर मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे ठेवून वाळू द्यायचं. तसंच आडवं टाकलं आणि फांद्या ओल्या मातीला टेकल्या, तर त्यांनाच मुळं फुटतात. वेडी बाभूळही गाठीखाली तोडली नाही तर एका खोडाची पाच खोडं करते. बाभळींना मशीन लावा, उभ्या असतानाच लावा, तेवढं तुमचं मान्य.

पायाड : घराच्या कोपऱ्याचं "नंतर बघू" म्हणालात, ते आधी बघा. तिथं मशीनला पर्याय नाही. जमिनीत राहिलेला बुंधा कुजतो, पोकळी होते, आणि काही वर्षांनी वरची फरशी खचते. ज्या कसदार मातीचा तुम्हाला एवढा जिव्हाळा, ती घराच्या पायाखाली मुळीच चालत नाही. पालापाचोळा कुजून ती दबते, म्हणून खरवडून काढायचीच. फक्त फेकू नका, वेगळा ढीग करा, कुरणात पसरता येईल. चिकणमाती असेल तर आणखी एक भानगड. मोठं झाड जमिनीतलं पाणी ओढत असतं. ते काढलं की माती पुन्हा ओल धरते, फुगते आणि बांधकाम वर उचलते. झाडं आधी काढा आणि घाई न करता मग पाया घ्या. तोडायला परवानगी लागते का, तेही आधीच विचारा.

शेळ्यावाली : एवढी भांडणं कशाला? कुंपण घाला आणि शेळ्या सोडा. मागच्या पायांवर उभ्या राहून पोचेल तिथपर्यंत ओरबाडतात. पालवी आली की पुन्हा ओरबाडतात, झुडूप आपोआप दमतं.

पोकलेनप्रेमी : ताई, आणि घाणेरी? त्या पानांनी यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. दुसरा चारा असला तर जनावर तोंड लावत नाही, पण बंद कुंपणात उपाशी ठेवाल तर खाईलच.

शेळ्यावाली : उपाशी ठेवायचं कोण म्हणालं? आधी घाणेरी काढून घ्या, शेळ्या बाकीच्या झुडपांसाठी. आणि वेडी बाभळीच्या शेंगा पडायच्या दिवसांत गुरांना तिथं सोडू नका. बी पोटातून शाबूत निघतं आणि शेणातच रुजतं. मग गुरंच तुमची पेरणी करतात.

तुरटी : कापल्या-कापल्या बुंध्यावर तणनाशक लावा की. पाण्यात कालवलेलं असेल तर काही मिनिटांतच, काप सुकला की आत शिरत नाही. जाड बुंध्याला सालीलगतचं कडं तेवढं पुरे. विहीर-ओढ्याजवळ मात्र नको.

पोकलेनप्रेमी : आता खरं विचारतो. सगळं मुळासकट निघालं असं धरू. मातीतल्या बियांचं काय? गाजरगवताचं एक झाड हजारो बिया टाकतं आणि उघडी माती दिसली की पहिलं तेच उगवतं. हातानं काढा नाहीतर मशीननं, पुढं काही वर्षं मागे लागावं लागतं. ते जमणार असेल तर मशीनला एवढी नावं ठेवायचं कारण नाही.

वाळलंपान : उलट तेच कारण आहे. मशीननं दोन एकर एकदम उघडे पडतात, तेवढ्यावर मी लक्ष कुठून ठेवणार? म्हणून पट्टा-पट्टा करणार. एका बाजूनं तोडत जायचं, पलीकडची बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे साप-विंचवांनाही वाट राहते. पट्टा साफ झाला की त्याच आठवड्यात गवताचं बी. ते दाट झालं की गाजरगवताला ऊन मिळत नाही. गुरं पहिल्या वर्षी त्यावर नाहीतच. मशीन घराच्या कोपऱ्याला आणि उभ्या बाभळींना, बस.

पोकलेनप्रेमी : तिसऱ्या पट्ट्यावर पोचाल तेव्हा पहिला पुन्हा कमरेएवढा झालेला असेल. फोटो टाका, मी थांबलोय.