मदत हवी आहे: शेतकरी मंडळाचं वर्षभराचं नियोजन कसं बसवावं?

मंडळी, आमच्या शेतकरी मंडळाचं पुढच्या वर्षाचं नियोजन माझ्याकडे आलंय. पेरणी-काढणीच्या दिवसांत बैठकीला कोणी फिरकत नाही, आणि ते रास्तच आहे. त्या काळात बैठका ठेवूच नयेत, असं माझं मत.

कच्चा आराखडा असा: पेरणीआधी सगळ्यांनी मिळून घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासायची (ओल्या गोणपाटात 100 दाणे मोजून ठेवले की टक्केवारी आपोआप कळते). पीक उभं असताना शिवारफेरी. काढणीनंतर हिशेब आणि वार्षिक सभा. 5 डिसेंबरला जागतिक मृदा दिन असतो. त्या सुमारास ज्यांचं रान मोकळं असेल त्यांचे मातीचे नमुने एकत्र तपासायला पाठवायचे.

खरा घोळ सामाईक पेरणी यंत्राचा. यंत्र एकच, आणि वाफसा (म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल) सगळ्यांना एकदमच येतो! पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवावी की शेतांच्या क्रमाने? क्रमाने गेलं तर डिझेल वाचतं, पण शेवटचा कायम शेवटचाच राहतो. दरवर्षी उलट्या टोकाने सुरुवात करून पाहिलीय का कोणी?

दुसरं म्हणजे, जमीन नावावर असेल त्यालाच सभासदत्व, असा आमचा जुना नियम. शेतात राबणाऱ्या बहुतेक बायका त्यामुळे बाहेरच. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केलंय, त्या निमित्ताने नियम बदलायचा विचार आहे. एका घरात दोन सभासद झाले तर मताचं आणि वर्गणीचं तुम्ही काय करता? नियमावलीतला मजकूर कोणाकडे असेल तर कृपया इथे टाका.