टँकरच्या पाण्याला कंडिशनर (माशांसाठी क्लोरीन काढणारं औषध) किती टाकावं? मदत हवी आहे

मंडळी, लातूरला राहतो. 60 लिटरची टाकी, त्यात गोल्डफिश, फिल्टर जुना आणि चालू. अमोनिया टेस्ट शून्य येते, म्हणजे घोळ तिथं नाही.

नळाचं पाणी उघड्या ड्रममध्ये एअर स्टोन लावून दिवसभर ठेवलं की भागतं. पण उन्हाळ्यात टँकर घ्यावाच लागतो आणि त्यात टीसीएल पावडर (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) निव्वळ अंदाजाने टाकतात. कधी वाससुद्धा नाही, कधी झाकण काढलं की डोळे चुरचुरतात! असं पाणी तितकंच ठेवून बदललं तरी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. कंडिशनर लेबलप्रमाणे टाकलं. कधी पुरतं, कधी नाही. बोअरचं सुचवू नका, फार जड आहे, काचेवर पांढरा थर चढतो.

1 मिलिग्रॅम क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेटचे खडे साधारण 7 मिलिग्रॅम, हा हिशोब माहीत आहे. पण आधी क्लोरीन मोजायला हवं ना. ग्रामपंचायतीत वापरतात ते ओटी द्रावण (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं) आणलंय. टँकरच्या पाण्यात रंग पिवळ्याच्या पुढे थेट नारिंगी जातो.

अशा वेळी पाणी किती पट पातळ करून मोजता? आणि थायोसल्फेट थोडं जास्त पडलं तर गोल्डफिशला कितपत चालतं?