गणेशवेल नुसती पसरतेय, फुलांचा पत्ता नाही! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ठाण्यात सहाव्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी आहे, ग्रिलला सुतळ्या बांधून जूनमध्ये गणेशवेल लावली, तीच झिरमिळ्या पानांची न् लाल चांदणी फुलांची. बारा इंची कुंडी, माती, कोकोपीट, शेणखत. वेल पार वरच्या मजल्याच्या काकूंकडे पोचली पण आता ऑगस्ट अर्धा झाला तरी एक कळी नाही. नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून १९:१९:१९ खत (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारखंच) देतेय. ऊन अकरापर्यंत येतं. आमच्या सासूबाईंना गणपतीत बाप्पाला हीच फुलं वाहायचीयेत, येतील का तोवर? शेंडे खुडू का? आणि निळ्या मॉर्निंग ग्लोरीच्या पाकिटातल्या बिया उगवतच नाहीयेत, त्यांचं काय करू?

प्रतिसाद १:
१९:१९:१९ बंद करा आधी. नायट्रोजन मिळतंय तोवर ती पानंच काढत बसणार. ०:५२:३४ आणा, त्यात नायट्रोजन नसतं, लिटरभर पाण्याला ग्रॅमभर, पंधरा दिवसांनी एकदा, बास. शेंडे आता खुडू नका, ते रोप वीतभर असताना करायचं. मॉर्निंग ग्लोरीच्या बियांचं कवच टणक असतं, नेलकटरने टोकाला जरासा टवका काढा (डोळ्याच्या, म्हणजे बी बोंडाला चिकटलेली असते त्या बाजूला नको) आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या लावा, न फुगलेल्यांना परत टवका. लहान मुलं असतील तर बिया वर ठेवा, विषारी असतात.

प्रतिसाद २:
खताचं बरोबर आहे पण एक विचारते, बाल्कनीत रात्री ट्यूब चालू असते का? या कुळातल्या बऱ्याच वेली दिवस लहान व्हायला लागले की कळ्या धरतात, आणि रात्रभर उजेड पडला तर त्यांना वाटतं अजून दिवस मोठाच आहे. आमच्याकडे पुण्यात खरा बहर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच असतो. गणपती लवकर असले तर फार आशा नको, जास्वंद हाताशी ठेवा :)

धागाकर्ती:
अय्या, ट्यूब असते ना, मांजरं येतात म्हणून! आजपासून बंद. आणि ही वेल नंतर मरते का, का छाटून ठेवायची?

प्रतिसाद २:
वर्षायूच आहे, बिया धरल्या की वाळते. छाटून काही उपयोग नाही. बोंडं तपकिरी झाली की फुटायच्या आत काढून घ्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या सगळ्या कुंड्यांत हीच उगवेल.